मुका मार, सौम्य शिक्का

रक्त येत नाही, हाड मोडत नाही, कातडीवर फार तर एखादा निळसर डाग उमटतो, आणि तरी आतून ठणकत राहते, अशा दुखापतीला मराठीत ‘मुका मार’ म्हणतात. मोठा शहाणा शब्द आहे. जखम दिसत नाही म्हणजे दुखणे नाही, असे तो म्हणत नाही. जे दुखणे स्वतःहून बोलत नाही ते जास्त जपावे लागते, हे त्याने गृहीतच धरले आहे. पाठीला किंवा मांडीला मुका मार लागला की घरातली माणसे आंबेहळद उगाळतात, शेक देतात, चार दिवस ओझे उचलू देत नाहीत. डोक्याची गोष्ट आली की मात्र हे शहाणपण आपल्याला सोडून जाते. दुचाकी घसरून माणूस पडतो, मिनिटभर शुद्ध हरपते, एखादी उलटी होते. रुग्णालयात सीटी स्कॅन निघतो, तो स्वच्छ येतो, भुवईवर तीन टाके पडतात आणि डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी लिहून त्याला घरी सोडतात. थोडक्यात निभावले म्हणून देवापुढे नारळ फुटतो. सोमवारी तो कामावर रुजू होतो. दुपारपर्यंत डोके दुखू लागते, ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत खुपतो, दोघे एकदम बोलू लागले तर एकाचेही नीट कळत नाही, संध्याकाळी घरी मुलांच्या दंग्याने जीव नकोसा होतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे ना, मग आता काय?’ असे घरचे विचारतात, आणि काही दिवसांनी तो स्वतःही स्वतःला तेच विचारू लागतो.

माझे म्हणणे असे, की डोक्याच्या इजेला लावला जाणारा ‘सौम्य’ हा शब्द एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर म्हणून घडवला गेला आणि आपण तो भलत्याच प्रश्नाला उत्तर म्हणून देत आहोत. आज रात्री या माणसाच्या जिवाला धोका आहे का, कवटी उघडावी लागेल का, हा पहिला प्रश्न. महिन्या-दोन महिन्यांनी हा माणूस आपले काम पूर्वीसारखे करू शकेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काही तासांत आणि बऱ्यापैकी खात्रीने देता येते. दुसऱ्यासाठी माणसाला पुन्हा भेटावे लागते, आणि ती दुसरी भेट आपल्या व्यवस्थेत कुणी ठेवलेलीच नाही. ज्यांचा त्रास उरतो त्यांचे बरेचसे नुकसान मेंदूला बसलेल्या हादऱ्यापेक्षा या न झालेल्या भेटीमुळे वाढते, असे मला उपलब्ध पुराव्यांवरून वाटते.

शब्द कुठून आला ते आधी पाहू. १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या मेंदूशल्यविशारदांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक मोजपट्टी मांडली. रुग्ण डोळे केव्हा उघडतो, बोलतो कसा, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, एवढेच पाहायचे. पुढे या निरीक्षणांची ३ ते १५ गुणांत बेरीज होऊ लागली. कोणत्याही देशातल्या, कोणत्याही पाळीच्या परिचारिकेला ती वापरता येते आणि रुग्ण खालावतो आहे हे तिच्यामुळे वेळेत कळते. तिने किती जीव वाचवले असतील याची गणती नाही. ८ किंवा कमी गुण म्हणजे गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य, ही वाटणी पुढे रूढ झाली. १९९३ साली अमेरिकन काँग्रेस ऑफ रिहॅबिलिटेशन मेडिसिन या संस्थेने तिला आणखी दोन मर्यादा जोडल्या: शुद्ध हरपली असेल तर अर्ध्या तासाच्या आत परतलेली असावी आणि अपघाताभोवतीचे विस्मरण २४ तासांपेक्षा जास्त नसावे. या चौकटीत किती वेगवेगळी माणसे मावतात ते बघा. क्षणभर डोळ्यांपुढे काजवे चमकलेला मुलगा आणि पंचवीस मिनिटे बेशुद्ध पडून अख्खा दिवस विसरलेली बाई, दोघांनाही एकच शिक्का. आणि १५ पैकी १५ गुण मिळवायला बोलण्याच्या रकान्यात लागते काय, तर आपण कोण, कुठे आहोत आणि महिना कोणता एवढे नीट सांगता येणे. नाव आणि महिना सांगता येणाऱ्या माणसाला दुकानाचा गल्ला सांभाळता येईलच, असे टीसडेल आणि जेनेट यांनी कुठेही म्हटलेले नाही. ते आपण परस्पर धरून चाललो.

गंमत म्हणावी की दुर्दैव, त्याच १९७४ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मानसशास्त्रज्ञ डोरोथी ग्रॉनवॉल यांनी शल्यविशारद फिलिप राइटसन यांच्यासोबत दुसऱ्या प्रश्नाला हात घातला होता. ग्रॉनवॉल यांची चाचणी कागद-पेन्सिलीविना करून पाहता येते. समोरचा ठरावीक अंतराने एकेक आकडा वाचतो आणि आपण प्रत्येक वेळी शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज सांगायची. तो म्हणतो तीन, मग आठ. आपण म्हणायचे अकरा. तो म्हणतो दोन. आपण आठ आणि दोन दहा म्हणायचे. तो म्हणतो सात, आपण नऊ. बेरीज पहिलीच्या मुलाला जमेल अशी. पण आपणच नुकतेच उच्चारलेले ‘अकरा’ बाजूला सारून मागचा ‘आठ’ धरून ठेवायचा, नवा आकडा ऐकायचा, बेरीज करायची, बोलायचे, आणि तेवढ्यात पुढचा आकडा येऊन आदळतो. दोन आकड्यांतले अंतर हळूहळू सव्वा सेकंदाच्याही आत आणले जाते. डोक्याला ‘किरकोळ’ मार लागलेली माणसे या चाचणीत मागे पडली. त्यांना बेरीज येत नव्हती असे नाही. दिलेल्या वेळेत येत नव्हती. बहुतेकांचा वेग काही आठवड्यांत पूर्ववत झाला, ज्यांच्या तक्रारी राहिल्या त्यांचा वेगही मंदच राहिला. दुसऱ्यांदा असा मार बसलेल्यांना सावरायला जास्त वेळ लागतो, हे त्यांनी पुढच्याच वर्षी दाखवले.

आता ही चाचणी रोजच्या आयुष्यात आणून बघा. गर्दीच्या वेळी एसटीत उभा असलेला कंडक्टर. एकजण दोन फुल एक हाफ मागतो, देतो पाचशेची नोट. मशीनवर टप्पा टाकायचा, सुटे मोजायचे, मागून कुणी ‘मास्तर, फाटा आला का?’ विचारतो, दाराशी म्हातारी चढते आहे, तिचा पाय आत आल्याशिवाय घंटी द्यायची नाही. हे काम म्हणजे आठ तास चाललेली ग्रॉनवॉल यांचीच चाचणी आहे. शांत खोलीत, डॉक्टरांच्या टेबलासमोर, एका वेळी एक प्रश्न विचारला तर डोक्याला मार लागलेला हाच कंडक्टर सगळी उत्तरे बरोबर देईल. बसमध्ये मात्र त्याचा हिशेब चुकेल, संध्याकाळी रोकड कमी भरेल आणि डोके फुटायला येईल. आठ माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीचेही तेच. एका शेगडीवर दूध, दुसरीवर भाजी, हातात पोळी, कानावर शाळेत निघालेल्या मुलाचा प्रश्न. दूध तिसऱ्यांदा उतू गेले की तिला ‘लक्ष कुठे असते तुझे?’ असे ऐकावे लागते, आणि या प्रश्नाचे खरे उत्तर तिला कुणी सांगितलेलेच नसते.

हे का होते, याचे शरीरातले कारण आता बरेच कळले आहे. मडक्यात लागलेले दही डोळ्यांसमोर आणा. मडके झटक्याने फिरवून एकदम थांबवले तर मडक्याला ओरखडाही जात नाही, आतली कवडी मात्र मोडते आणि कडेने पाणी सुटते. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबर्न यांनी १९४३ साली जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून जवळपास हेच दाखवले होते: डोके सरळ आपटण्यापेक्षा गर्रकन फिरले की आतल्या मऊ भागावर जास्त ताण येतो. (यावरून हेल्मेट बिनकामाचे असा अर्थ कुणी काढू नये. कवटी फुटण्यापासून आणि मरणापासून ते वाचवते, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.) या ताणाने मेंदूतले लांबलचक तंतू ओढले जातात. बहुतेक तुटत नाहीत, पण त्यांच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर आणि कॅल्शियम आत अशी भलतीच ये-जा सुरू होते. ती घडी पुन्हा बसवायला पेशींना जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. यातले काहीही सीटी स्कॅनमध्ये उमटत नाही. ते यंत्र मोडलेले हाड आणि साचलेले रक्त शोधते आणि ते काम चोख करते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीटी स्वच्छ आलेल्या ९८ जणांचा एमआरआय केला तेव्हा २७ जणांच्या मेंदूत काही ना काही इजा दिसली. २०१८ पासून तिथे रक्तातली दोन प्रथिने मोजणारी चाचणीही मान्य झाली आहे. तिचाही मूळ हेतू मात्र सीटी काढण्याची गरज आहे का ते ठरवणे हाच. म्हणजे पुन्हा पहिलाच प्रश्न. सगळ्यांचे एमआरआय काढा, असे मी मुळीच सुचवत नाही. एमआरआयमध्ये डाग दिसलेला माणूस महिन्यात ठणठणीत होतो आणि काहीच न दिसलेला वर्षभर झगडतो, असेही होते. कोणाचे दुखणे लांबेल हे एकटे यंत्र सांगू शकत नाही, म्हणून तर माणसाने माणसाला विचारायला हवे.

किती जणांचे लांबते? आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हे समजून घेण्यासारखे आहे. बेलफास्टमध्ये १९७० च्या दशकात रुग्णालयात दाखल झालेल्या अशा १४५ रुग्णांचा पाठपुरावा झाला. सहा आठवड्यांनी जवळपास निम्म्यांना काही तरी त्रास होता; वर्षानंतर तो साधारण सातांतल्या एकाला उरला होता. अमेरिकेत व्हर्जिनियात १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ४२४ जणांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी ७९ टक्क्यांना डोकेदुखी, ५९ टक्क्यांना विसरभोळेपणा होता, आणि अपघातापूर्वी नोकरीत असलेल्यांपैकी एक तृतीयांश कामावर परतले नव्हते. २०१९ सालचा अमेरिकेतल्याच ११ मोठ्या अपघात-केंद्रांचा अभ्यास यांत सर्वांत काटेकोर. त्यात सौम्य इजेच्या १,१५४ रुग्णांपैकी ५३ टक्क्यांना वर्षानंतरही रोजच्या जगण्यात काही ना काही अडचण होती. हा आकडा ऐकून छाती दडपते. पण त्याच अभ्यासात डोके सोडून हातपाय किंवा इतरत्र इजा झालेल्यांनाही तपासले होते, आणि त्यांच्यात हेच प्रमाण ३८ टक्के निघाले. अपघात स्वतःच माणसाला वर्षभर सोडत नाही. मेंदूच्या इजेने त्यावर जी भर घातली ती या दोन आकड्यांमधल्या फरकाएवढी. शिवाय मोठ्या केंद्रात पोहोचून स्कॅनपर्यंत गेलेले हे रुग्ण. गल्लीत पडून, कपडे झटकून घरी गेलेले यात नाहीत. तेव्हा प्रत्येक रुग्णाला सांगण्यासारखे पहिले वाक्य ‘तू बहुधा पूर्ण बरा होशील’ हेच आहे, आणि ते खरे आहे. फक्त ते शेवटचे वाक्य असू नये.

यावर सर्वांत जुना आक्षेप पैशाचा. इंग्लंडमध्ये रेल्वे आली, गाड्या धडकू लागल्या आणि अंगावर खूण नसलेली, पण कामातून गेलेली माणसे न्यायालयात उभी राहू लागली. १८६६ साली लंडनचे शल्यविशारद जॉन एरिकसन यांनी या त्रासावर पुस्तक लिहिले आणि त्याचे मूळ मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्यात आहे असे मांडले. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी त्याचे खंडन केले: त्यांच्या मते यात भीतीचा आणि मनाचा वाटा मोठा होता. पेज स्वतः एका रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते, हे ध्यानात ठेवावे, पण केवळ तेवढ्यावरून त्यांचे म्हणणे मोडीतही काढू नये. १९६१ साली हेन्री मिलर या नामांकित ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञांनी तोच मुद्दा कडक शब्दांत मांडला: इजा जितकी लहान तितक्या तक्रारी जास्त, आणि भरपाईचा दावा निकाली निघाला की माणूस बरा. या मताचा डॉक्टरांवर आणि विमा कंपन्यांवर दीर्घकाळ पगडा राहिला. पुढे लिथुआनियातल्या कौनास शहरात, जिथे भरपाईची फारशी अपेक्षा नव्हती आणि या त्रासाचा बोलबालाही नव्हता, डोक्याला मार लागलेल्यांची इतर किरकोळ इजा झालेल्यांशी तुलना झाली. काही काळानंतर डोकेदुखीचे प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखे आढळले.

हे पुरावे मी बाजूला सारत नाही. भरपाईचा दावा चालू असलेल्यांत तक्रारी सरासरीने जास्त आढळतात, हेही अनेकदा दिसले आहे. पण यातून ‘म्हणजे सगळे ढोंग’ हा निष्कर्ष निघत नाही. व्हर्जिनियाच्या त्या अभ्यासात दाव्यांचा परिणामांशी फारसा संबंध आढळला नव्हता. मिलर यांच्यानंतर झालेल्या पाठपुराव्यांत दावा मिटल्यावरही अनेकांचा त्रास तसाच राहिलेला दिसला. आणि थोडा विचार केला तर ज्याला जास्त त्रास तोच दावा लावण्याची शक्यता जास्त, हे साधे कारण नाही का? कौनासच्या निष्कर्षाचा मला लागणारा अर्थ वेगळा आहे: नुसती डोकेदुखी हे या इजेचे खास लक्षण नाही, म्हणून केवळ तक्रारींची यादी करून निदान होणार नाही. हे म्हणणे माणसाला पुन्हा भेटून नीट तपासण्याच्या बाजूनेच जाते. राहिला मनाचा वाटा. तो आहेच. अमेरिकेतल्या त्या मोठ्या अपघात-केंद्रांवरच्या पाहणीत सहा महिन्यांनी साधारण पाचांतल्या एका रुग्णात नैराश्याची किंवा अपघाताच्या धसक्याची आजारपणापर्यंत गेलेली लक्षणे होती. इतरत्र इजा झालेल्यांपेक्षा हे प्रमाण स्पष्ट जास्त. आपल्याकडे ‘मानसिक आहे’ हे वाक्य ‘काही नाही’ या अर्थाने उच्चारले जाते, आणि तिथे फार मोठी चूक होते. नैराश्यावर उपाय आहेत, धसक्यावर आहेत, झोप बिघडली तर तिच्यावर आहेत. त्रासाचे मूळ तंतूंत किती आणि मनात किती, ही विभागणी पुस्तकात सोयीची असेल. रात्री तीन वाजता छताकडे बघत पडलेल्या माणसाला ती करता येत नाही, आणि उपचार सुरू करायला तिची गरजही नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. तो असा, की लोकांना अशा त्रासांची माहिती दिली की ते त्रास शोधू लागतात. १९९२ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वायली मिटेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याला कधीच मार न लागलेल्या लोकांना ‘अपघात झाला अशी कल्पना करा आणि काय त्रास होतील ते सांगा’ असे विचारले. त्यांनी सांगितलेली यादी खऱ्या रुग्णांच्या यादीशी मोठ्या प्रमाणात जुळली. म्हणजे विस्मरण कुणाला होत नाही? पण अपघातानंतर प्रत्येक विसरलेली किल्ली ‘मेंदू गेला’ याचा पुरावा वाटू लागते. ही भीती खरोखर आजार लांबवते. फुटबॉलपटू आणि मुष्टियोद्धे यांच्या मेंदूत वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी होणाऱ्या ऱ्हासाच्या बातम्या वाचून एकदाच स्कूटरवरून पडलेला माणूस हबकतो, त्याचेही हेच. डेन्मार्कमध्ये सुमारे २८ लाख लोकांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात एकदाच सौम्य इजा झालेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळले. ‘१७ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश होतो’ असे ते वाचले गेले तर घात होईल. मुळातल्या लहान धोक्यात झालेली ती लहान वाढ आहे. मग माहिती द्यावी की न द्यावी? याचे उत्तर प्रयोगांनी दिले आहे. मेलबर्नमध्ये जेनी पॉन्सफर्ड यांनी रुग्णांना आठवड्याच्या आत एक माहितीपुस्तिका दिली: काय होऊ शकते, ते बहुधा जाते, तोवर काय करावे. तीन महिन्यांनी त्या रुग्णांच्या तक्रारी पुस्तिका न मिळालेल्यांपेक्षा कमी होत्या. खुद्द मिटेनबर्ग यांनाही छापील माहिती आणि एका बैठकीतले समजावणे यांचा असाच गुण आढळला. घाबरवते ती माहितीची उणीव. ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला पाचव्या दिवशी चक्कर आली, तर आपल्याला काहीतरी भयंकर झाले असून डॉक्टरांच्या नजरेतून ते सुटले, असेच तो समजणार.

आणि माहितीही काळाबरोबर बदलत असते, म्हणून ती देणारे कुणी तरी हवे. अंधाऱ्या खोलीत पंधरा दिवस पडून राहा, असा सल्ला आजही दिला जातो. २०१५ साली मिलवॉकीत ११ ते २२ वयाच्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगात पाच दिवस सक्त विश्रांती घेतलेल्यांनी एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्त तक्रारी सांगितल्या. २०१९ साली बफेलोत किशोरवयीन खेळाडूंना पहिल्याच आठवडाभरात, लक्षणे वाढणार नाहीत इतपत हलका व्यायाम दिला, तर ते साधारण १३ दिवसांत सावरले. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम केलेल्यांना १७ दिवस लागले. एक-दोन दिवस आराम, मग बेताबेताने हालचाल, आणि दुसरा मार बसणार नाही याची सक्त काळजी, इतकी साधी ही शिकवण आहे.

पहिल्या तपासणीवर विसंबणे का पुरत नाही, हे क्रिकेटने लाखो लोकांसमोर दाखवून दिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. चाचण्या झाल्या, तो त्यांत उत्तीर्ण झाला आणि पाऊण तासाने पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोके जड, सुस्ती. त्याला सामन्यातून काढले, पुढच्या कसोटीतही खेळवले नाही. त्यानंतरच्या मँचेस्टरच्या कसोटीत त्याने २११ धावा केल्या. विल पुकोव्हस्कीची गोष्ट उलट आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारताविरुद्ध सिडनीला पदार्पणात ६२ धावा करणारा हा गुणी फलंदाज डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे २०२५ साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्याने निवृत्त झाला. दोघांच्याही हादऱ्यांना वैद्यकीय भाषेत एकच नाव. कोणाचे काय होईल हे पहिल्या तासाला कुणालाच सांगता आले नसते. आपल्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की त्यांना पुन्हा पुन्हा तपासणारे कुणी होते. २०२५ च्याच जानेवारीत पुण्याजवळ गहुंजेला शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला, तेव्हा त्याच्या जागी आलेला हर्षित राणा हा योग्य बदली खेळाडू होता का, यावर आपण दिवसचे दिवस वाद घातला. दुबेचे डोके कसे आहे, हा प्रश्न त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला.

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्ते-अपघातांत मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मेलेल्यांत दुचाकीवरचे साधारण ४४ टक्के. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचे जी. गुरुराज यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते, की आपल्याकडे मेंदूच्या इजांपैकी सुमारे ६० टक्के रस्त्यावर आणि २० ते २५ टक्के पडण्याने होतात. घरात होणाऱ्या मारहाणीतून किती, याची मोजदाद कोण करणार? मार खाल्लेली बाई जिन्यावरून पडले असेच सांगते. इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो डॉक्टरांचाच असतो: कॅज्युअल्टीत एका पाळीत इतके गंभीर रुग्ण येत असताना चालत्या-बोलत्या माणसाची फेरतपासणी कधी करायची? प्रश्न रास्त आहे, आणि तो केवळ आपला नाही. अमेरिकेतल्या त्या सुसज्ज अपघात-केंद्रांमधूनसुद्धा ८३१ रुग्णांपैकी ४२ टक्क्यांनाच घरी जाताना छापील माहिती मिळाली होती आणि तीन महिन्यांत ४४ टक्क्यांनाच कुणी डॉक्टर भेटला होता. पण मी मागतो आहे ते काम मेंदूशल्यविशारदाचे नाहीच. डिस्चार्ज कार्डासोबत मराठीतला एक कागद आणि दोन आठवड्यांनी एक फोन, इतकेच. तो परिचारिकेने करावा, समाजसेवा विभागाने करावा, गावात आशाताईंनी करावा. ज्यांना त्रास उरला आहे त्यांनाच पुढे पाठवावे. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली, हे फार चांगले झाले. तिची मुदत अपघातापासून सात दिवसांची आहे. जीव वाचवायला सात दिवस पुष्कळ होतात. ज्या त्रासांविषयी मी लिहितो आहे, ते मात्र सात दिवसांनंतर, माणूस कामावर परतल्यावर ओळखू येतात.

कायद्याने भरपाईचे दार पूर्ण बंद केलेले नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले, की अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाई गमावल्याची टक्केवारी नव्हे. डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळपास सगळी कमाई जाऊ शकते, सरकारी कारकुनाची कदाचित जाणार नाही. म्हणून न्यायाधिकरणाने माणसाचे काम बघून ठरवावे. हेच तत्त्व हाताऐवजी विचारांच्या वेगाला लावता येईल. पण त्यासाठी पुरावा लागतो, आणि अपघातानंतर पहिल्या दिवशीचा ‘सौम्य’ असा शेरा सोडून कंडक्टरपाशी दुसरा कागदच नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत मेंदूच्या अपघाती इजेचे स्वतंत्र नाव नाही. आणि बहुतेक आरक्षणे-सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. अमेरिकेने शाळकरी मुलांच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात ही इजा १९९० सालीच स्वतंत्रपणे नमूद केली. आपल्याकडे सायकलवरून पडलेली नववीतली मुलगी सहामाहीला नापास झाली तर तिच्या प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढेच येते.

आता दोन आठवड्यांनी करायचा तो फोन कसा असावा, याविषयी. आपल्याकडे ‘बरे आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो, बरे आहे’ हे एकच उत्तर असते. ती चौकशी नसते, ती रीत आहे. म्हणून विचारायचे ते वेगळे. बाजारात गेलात तर सुट्या पैशांचा हिशेब पूर्वीसारखा जमतो का? घरात टीव्ही चालू असताना कुणी बोलले तर कळते का? कामावरून आल्यावर किती वेळ पडून राहावे लागते? रात्री किती वाजता जाग येते? पूर्वी रागावत नव्हता अशा कोणत्या गोष्टीवर आता चिडता? शक्य असेल तर फोन नंतर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्यायला सांगावा आणि हेच प्रश्न त्यालाही विचारावेत. फक्त ज्या घरात मारहाणीचा संशय आहे तिथे तसे करू नये; तिथली बाई एकटी असताना पुन्हा फोन लावावा.